सावध कोणी राहायचे?

१. शिकवून झाले, पुढे काय?

शाळेत चांगला स्पर्श आणि वाईट स्पर्श शिकवून झाला, अंगणवाडीत चित्रफीत दाखवली, भिंतीवर मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांक रंगवला. मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखायला आता आणखी काय करायचे राहिले? वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना हा प्रश्न पालक विचारतात, मुख्याध्यापक विचारतात, संस्थेला पैसे देणारेही विचारतात. प्रश्न मनापासूनचा असतो. पण त्याच्या पोटात एक समजूत दडलेली असते: मुलाला माहिती दिली की मूल स्वतःला वाचवील. या प्रकरणाचे सगळे म्हणणे या समजुतीच्या विरुद्ध जाते. चार वर्षांच्या मुलीने, रोज खाऊ देणाऱ्या आणि आईवडिलांनीच ‘काका’ म्हणायला शिकवलेल्या माणसाला ठाम नकार द्यावा, तिथून निघून यावे आणि घडलेले क्रमाने सांगावे, अशी अपेक्षा करताना आपण मोठ्यांचे काम तिच्या खांद्यावर टाकतो. नोकरी जाईल या भीतीने साहेबापुढे गप्प राहणाऱ्या प्रौढ माणसाची अडचण आपल्याला कळते. मुलाची अडचण त्याहून कितीतरी मोठी असते, कारण ज्याच्याविषयी बोलायचे त्याच्याच भरवशावर पुष्कळदा त्याचे जेवणखाण आणि शाळा चालू असते.

यंत्रमागांच्या शहरात, भिवंडीत, जाणत्या कारागिराच्या मागावर ताण्याचा धागा पुन्हा पुन्हा तुटू लागला, तर तो नुसत्या गाठी मारत बसत नाही. बीमवरचा ताण बघतो, सायझिंग, म्हणजे सुताला खळ देणे, नीट झाले आहे का बघतो, मागाचा एखादा भाग सुताला घासतो आहे का ते चाचपतो. प्रतिबंधाकडे असेच पाहावे लागते. मूल कुठे, कोणाबरोबर, किती वेळ असते आणि काही विपरीत घडले तर बोलण्याची किंमत कोण मोजतो, ही सारी जुळणी मोठ्यांनी केलेली असते आणि तेच ती बदलू शकतात. मुलांना शिकवणे हा त्या जुळणीतला एक भाग आहे. त्याची नेमकी जागा पुढे येईल.

२. अत्याचाराआधी काय काय घडावे लागते

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिंकलहॉर यांनी १९८४ मध्ये केलेली एक मांडणी आजही या कामात उपयोगी पडते. अत्याचार घडण्याआधी चार गोष्टी एकामागून एक व्हाव्या लागतात, असे ते म्हणतात. करणाऱ्याच्या मनात तशी इच्छा असावी लागते. त्याच्या आतला आवर सुटावा लागतो. दारू, ‘यात काय एवढं’ ही सबब, किंवा मुलावर आपला हक्क आहे ही भावना ते काम करते. मग बाहेरचा आवर, म्हणजे इतरांची नजर, जागेचे नियम, पकडले जाण्याची शक्यता, हे सगळे चुकवावे लागते. शेवटी मुलाचा विरोध धमकीने, लाडाने किंवा फसवून मोडावा लागतो. आपले बहुतेक कार्यक्रम कुठे एकवटले आहेत ते या यादीवरून दिसते. ते चौथ्या पायरीवर आहेत, म्हणजे सगळ्यांत शेवटच्या आणि सगळ्यांत दुबळ्या ठिकाणी. पहिल्या पायरीवर मानसोपचारतज्ज्ञांचे काम आहे. दुसरीवर समाजाच्या धारणांचे आहे, आणि ते हळूहळू होते. तिसरी पायरी मात्र थेट समाज कार्यकर्त्याच्या हातातली आहे, आणि तीच सर्वाधिक दुर्लक्षित राहते.

तिसरी पायरी चुकवण्याची रीत कार्यकर्त्याला ओळखता आली पाहिजे. असा माणूस बऱ्याचदा मुलाच्या आधी मोठ्यांचा भरवसा कमावतो. फी भरायला मदत करतो, आजारपणात रिक्षा आणतो, मुलाला शिकवणी द्यायला स्वतःहून तयार होतो. ही मदत खरीही असते, म्हणून घरच्यांना त्याच्यात चांगलेच दिसते. मग हळूहळू त्या एका मुलासाठी नियम सैल होऊ लागतात: इतर मुले गेल्यावर त्याला थांबवले जाते, त्याच्यासाठी वेगळी भेटवस्तू येते, ‘आपल्या दोघांतलं’ असे एखादे गुपित तयार होते. चेहऱ्यावरून किंवा स्वभावावरून माणूस ओळखता येत नाही. सैल होत गेलेला नियम मात्र दिसतो, मोजता येतो, आणि कोणावरही आरोप न करता परत घट्ट करता येतो. म्हणून कार्यकर्त्याने लक्ष माणसांपेक्षा नियमांवर ठेवावे.

३. धोका कोणाकडून असतो

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांतल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. हा आकडा वापरताना एक काळजी घ्यावी. या पाहणीत घरी राहणाऱ्या मुलांबरोबर रस्त्यावरची, कामावरची आणि संस्थांमधली मुलेही होती, आणि अत्याचाराची व्याख्या व्यापक होती. म्हणून तो जसाच्या तसा एखाद्या वर्गातल्या पटावर लावता येत नाही. पण त्याच पाहणीतल्या दोन गोष्टी कामाची दिशा बदलणाऱ्या आहेत. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा त्याची जबाबदारी असलेले होते. आणि अत्याचार सोसलेल्या मुलांमध्ये मुलगे निम्म्याहून किंचित अधिक होते. तरीही आपल्या बैठका मुलींच्या आयांसाठी भरतात, आणि मुलग्याने काही सांगायचा प्रयत्न केला तर ‘तू मुलगा ना?’ एवढ्यावर त्याचे बोलणे संपते. दुकानात, हॉटेलात, गोदामाच्या फाटकापाशी हातगाडीवर काम करणारा मुलगा कोणाच्याच यादीत नसतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वर्षांच्या अहवालांत, मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या ‘पॉक्सो’ कायद्याच्या बलात्काराशी संबंधित कलमांखाली नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. या आकड्यातही एक वेगळा गट मिसळलेला आहे. संमतीचे वय १८ असल्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींची प्रेमप्रकरणे, घरच्यांच्या तक्रारीवरून, याच कलमांखाली नोंदली जातात. ती बाजूला काढली तरी नातेवाईक, शेजारी, मालक, शिकवणारा असे ओळखीचे लोक उरतातच. म्हणजे ‘अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नकोस’ हा सल्ला चुकीचा नाही, पण तो धोक्याच्या लहान भागाविषयी बोलतो आणि मोठ्या भागाविषयी गप्प राहतो.

भिवंडीत या मुद्द्याला आणखी एक बाजू आहे. यंत्रमाग आणि गोदामे यांच्यामुळे उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेली माणसे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. एखादी घटना घडली की बोट लगेच ‘बाहेरच्यां’कडे किंवा दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या भाषेच्या वस्तीकडे वळते. हे अन्यायाचे आहेच, शिवाय मुलांसाठी घातक आहे. सगळी वस्ती परक्यावर डोळे ठेवून बसते तेव्हा आपल्याच घरातल्या, आपल्याच जमातीतल्या माणसाकडे कोणाची नजर जात नाही, आणि त्याच्याविषयी बोलू पाहणाऱ्या मुलावर आपल्या लोकांची बदनामी केल्याचा ठपका येतो. गरिबीला दोष देणेही असेच फसवे आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चौकशी आयोगाने २०१३ ते २०१७ या काळात चर्च, निवासी शाळा, क्रीडा संस्था यांची चौकशी केली. तिथे पैसा होता, इमारती होत्या, नियमावल्या होत्या, आणि पीडितांना आपली गोष्ट सांगायला सरासरी सुमारे २४ वर्षे लागली होती.

आणखी एक अवघड गोष्ट याच ठिकाणी सांगायला हवी. इजा करणारा नेहमी प्रौढच असतो असे नाही. अमेरिकेतल्या पोलीस नोंदींवर आधारलेल्या एका अभ्यासात, मुलांविरुद्ध लैंगिक गुन्हा केलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक स्वतःच अल्पवयीन होते. असा मुलगा समोर आला तर त्याला जन्माचा गुन्हेगार ठरवण्याची घाई करू नये. योग्य मदत मिळालेली बहुतेक मुले पुन्हा तसे वागत नाहीत. भिवंडीत निरीक्षणगृह आहे आणि ठाणे जिल्ह्यातली विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली, मुले तिथे येतात. तिथे होणारे समुपदेशन पुढच्या एखाद्या मुलाच्या सुरक्षिततेशी थेट जोडलेले आहे.

४. दिवसाचा तक्ता

आता तिसरी पायरी प्रत्यक्षात कशी घट्ट करायची ते पाहू. भिवंडीत मुलांचा दिवस उद्योगाच्या घड्याळावर चालतो. यंत्रमागाची पाळी बहुधा बारा तासांची असते, दिवसाची आणि रात्रीची. त्यामुळे एकाच खोलीत कोणी झोपलेले असते आणि कोणी जागे असते. पुष्कळ घरांतल्या बाया बिशी चालवतात, म्हणजे मागावरच्या कामगारांची घरगुती खाणावळ, आणि मग दिवसातून दोनदा बाहेरची माणसे घरात जेवायला येतात. माणकोली, काल्हेर, राहनाळ, पूर्णा या पट्ट्यात गोदामे उभी राहिल्यापासून अनेक आया तिथे पॅकिंगच्या कामाला जातात. तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे उचल घेऊन येतात आणि पाऊस लागेपर्यंत भट्टीजवळच्या झोपडीत राहतात. मालक, मुकादम, ट्रकवाले यांच्या ये-जा करण्याच्या वाटेवरच त्यांची मुले वाढतात. यांतली कुठलीही गोष्ट स्वतःहून वाईट नाही. पण प्रत्येकीत मूल एकटे सापडण्याच्या काही ठरावीक वेळा असतात.

समजा, एका चाळीत आठ वर्षांचा मुलगा राहतो. वडील रात्रपाळीला, आई सकाळी आठला गोदामात. शाळा दुपारची. कार्यकर्ती आईबरोबर बसून एका कागदावर त्याच्या दिवसाचे तास मांडते आणि प्रत्येक तासासमोर तीनच गोष्टी लिहिते: कुठे, कोणाबरोबर, दार उघडे की बंद. तेव्हा असे दिसते की सकाळी आठ ते साडेअकरा तो झोपलेल्या वडिलांच्या खोलीबाहेर, म्हणजे प्रत्यक्षात कोणाच्याच लक्षात नसतो. संध्याकाळी वरच्या मजल्यावर शिकवणीला जातो आणि बाकीची मुले गेल्यावर, आई येईपर्यंत, अर्धा तास एकटा थांबतो. रात्री साडेसातला वडिलांचा डबा घेऊन कारखान्यात जातो. वाटेत सार्वजनिक शौचालयाशेजारचा दिवा कित्येक दिवस बंद आहे. या तीन जागांवर उपाय असे निघतात. सकाळच्या वेळेसाठी चाळीतल्या दोन घरांनी आळीपाळीने मुले बघायची. शिकवणी दार उघडे ठेवून, आणि शेवटची दोन मुले एकत्रच निघणार. डबा दोन मुलांनी मिळून न्यायचा किंवा कारखान्यातल्या कोणीतरी फाटकापाशी येऊन घ्यायचा. दिव्यासाठी महापालिकेकडे लेखी तक्रार, आणि त्या तक्रारीचा पाठपुरावा. यातल्या एकाही उपायात मुलाने शूर व्हावे असे म्हटलेले नाही.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही ऐकून घेण्यासारखे आहेत. पहिला शिकवणी घेणाऱ्याचा: दार उघडे ठेवायला सांगणे म्हणजे माझ्यावर संशय घेणे. उत्तर असे की एकाच शिकवणीला हा नियम लावला तर तो संशयच ठरेल. म्हणून तो वस्तीतल्या सगळ्या शिकवण्यांना, मदरशांना, व्यायामशाळांना आणि कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या समुपदेशनाच्या खोलीलाही लागला पाहिजे. समुपदेशनात बोलणे ऐकू न येणे आवश्यक असते, दिसणे बंद होण्याची गरज नसते. दाराला काच बसवता येते. प्रामाणिक शिक्षकाला हा नियम खोट्या आरोपापासूनही वाचवतो. दुसरा आक्षेप आईकडून येतो, आणि तो बहुधा शब्दांत येत नाही. तक्ता मांडला की तिला वाटते, आपल्याला दोषी धरले जात आहे. वस्तीही लगेच विचारते की आई कामावर का गेली. हा प्रश्न कार्यकर्त्याने तिथल्या तिथे थांबवावा. बारा तासांची पाळी, पाळणाघरांचा अभाव आणि एका खोलीचे भाडे तिने ठरवलेले नाही. वस्तीत पाळणाघर सुरू होणे, अंगणवाडीची वेळ वाढणे, गोदाममालकाने कामाच्या जागी मुलांची सोय करणे, या मागण्या बाल संरक्षणाच्याच आहेत, आणि वॉर्ड पातळीवरच्या बाल संरक्षण समितीत त्या मांडल्या जायला हव्यात.

५. बदलापूर आणि कॅमेरा

ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातच, बदलापूरच्या एका शाळेत, शिशुवर्गातल्या दोन मुलींवर शाळेत सफाईचे काम करणाऱ्या माणसाने शौचालयात अत्याचार केल्याची तक्रार पुढे आली. तक्रार नोंदवायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास थांबावे लागले. २० ऑगस्टला लोकांनी बदलापूर स्थानकात रेल्वे रोखली, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि माहिती असूनही पोलिसांना न कळवल्याबद्दल शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळीबारात मरण पावला आणि त्याच्यावरचा खटलाच संपला. ‘बरं झालं’ असे म्हणणारे पुष्कळ भेटले. पण खटला चालला असता तर तो माणूस कोणाच्या शिफारशीने आला, त्याला शिशुवर्गाच्या शौचालयात प्रवेश कसा मिळाला, आधी कोणी काही पाहिले होते का, हे साक्षीपुराव्यानिशी त्याच्या खटल्यात तपासले गेले असते. प्रतिबंधाचे काम करणाऱ्याला या उत्तरांची गरज असते.

या घटनेनंतर सगळ्यांत जोरात पुढे आलेला उपाय म्हणजे सीसीटीव्ही. शासनाने शाळांना कॅमेरे बसवायला सांगितले. कॅमेरे असावेत, प्रवेशदारी, जिन्यात, शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांचा उपयोग आहे. पण शौचालयाच्या आत कॅमेरा बसत नाही आणि बसू नये. चित्रण कोण पाहतो, किती दिवस ठेवतो, हे ठरलेले नसेल तर कॅमेरा घटनेनंतर पुरावा देईल, घटना थांबवणार नाही. तक्रारपेटीचेही तसेच आहे: चार वर्षांच्या मुलाला लिहिता येत नाही. शिशुवर्गाच्या मुलांबरोबर शौचालयापर्यंत महिला मदतनीस असणे, लहान मुलांची आणि मोठ्या माणसांची शौचालये वेगळी असणे, कंत्राटदाराकडून आलेल्या माणसाचीही पोलीस पडताळणी होणे, आणि एखाद्या पालकाने ‘मुलगी शाळेत जायला घाबरते’ म्हटले तर ते कोणाला सांगायचे हे शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत प्रत्येकाला माहीत असणे, हे चार बदल कॅमेऱ्यापेक्षा जास्त काम करतात. मुलांशी संबंधित संस्थांनी कर्मचाऱ्यांची पडताळणी वेळोवेळी करावी, हे २०२० च्या पॉक्सो नियमांतच आहे. प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असावी असा शासन निर्णय १० मार्च २०२२ चा आहे. भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा आहेत. त्यांतल्या प्रत्येकीत ही समिती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, तिच्यावरच्या पालकाचा फोन लागतो का, हे विचारत फिरणे कंटाळवाणे काम आहे, पण त्याची फार गरज आहे.

६. मग मुलांना शिकवायचे ते कशासाठी

शाळांमधल्या या प्रकारच्या शिक्षणावर झालेले २४ प्रयोग, ५,८०२ मुले, यांचा एकत्रित आढावा कॉक्रन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. निष्कर्ष असे होते: मुलांचे ज्ञान वाढते, ते काही काळ टिकते, आणि शिक्षण मिळालेल्या मुलांनी घडलेले सांगण्याची शक्यता वाढते. प्रत्यक्ष अत्याचार कमी झाले, असे मात्र त्या अभ्यासांतून दाखवता आले नाही. मुंबईची ‘अर्पण’, पुण्याची ‘मुस्कान’ यांसारख्या संस्था जे काम वर्षानुवर्षे करत आहेत त्याची किंमत यामुळे कमी होत नाही. उलट ती किंमत कशात आहे हे त्यातून कळते. मूल लवकर बोलले की अत्याचार लवकर थांबतो. वर्षभर चालला असता तो आठवड्यात थांबतो, आणि तोच माणूस पुढच्या मुलापर्यंत पोहोचत नाही. म्हणून शिकवण्याचा गाभा ‘नाही म्हण’ हा नसावा, ‘सांग’ हा असावा. नाही म्हणता आले नाही तरी तुझी चूक नाही, पळता आले नाही तरी तुझी चूक नाही, आधी भेटवस्तू घेतली असली तरी तुझी चूक नाही, हे वाक्य प्रत्येक सत्रात असलेच पाहिजे. ‘नाही म्हण’ एवढेच शिकलेले मूल नाही म्हणू शकले नाही तर स्वतःलाच गुन्हेगार समजते आणि आणखी गप्प होते.

पालकांची भीती असते की असे विषय काढले तर मुले घाबरतील किंवा बिघडतील. त्याच आढाव्यात मुलांची भीती वा चिंता वाढल्याचे आढळले नाही. शरीराच्या अवयवांची नावे न लाजता माहीत असणे हे बिघडणे नव्हे. काय झाले ते सांगायला मुलाकडे शब्द नसतील तर ते सांगणार कसे? भिवंडीत हा शब्दांचा प्रश्न आणखी पुढे जातो. घरात भोजपुरी किंवा तेलुगू बोलणारे, कातकरी बोलणारे मूल शाळेत शिकलेले मराठी किंवा उर्दू शब्द ओळखते, पण घाबरलेल्या अवस्थेत घरच्याच भाषेत बोलते. म्हणून सत्र घेणाऱ्याने त्या भाषेतले साधे शब्द आधी त्या वस्तीतल्या बायांकडून शिकून घ्यावेत. आणि जितकी सत्रे मुलांसाठी, निदान तितकीच मोठ्यांसाठी घ्यावीत. त्यांत पुरुषांना बोलवावे. कारखान्याच्या पाळीच्या वेळा सांभाळून, बिशीवर, चहाच्या टपरीवर. मुलाने सांगितले तर मी पहिले वाक्य काय बोलेन, याचा सराव बापाने आधी केलेला असावा. ‘तू तिकडे गेलासच कशाला’ हे पहिले वाक्य असेल तर दुसरे वाक्य मूल बोलत नाही. गतिमंद, कर्णबधिर किंवा बोलता न येणाऱ्या मुलांसाठी चित्रे, खुणा, बाहुल्या यांची वेगळी तयारी लागते, आणि त्यांच्या बाबतीत मोठ्यांची जबाबदारी आणखी वाढते.

७. बोलण्याची किंमत

मूल बोलले, मोठ्यांनी ऐकले, तरी पुष्कळ प्रकरणे तिथेच दबतात. कारण आरोपी घरातला कमावता असतो, किंवा खोलीचा मालक, किंवा ज्याच्या हाताखाली वडील मागावर आहेत तो शेठ. वस्तीतले चार प्रतिष्ठित ‘मिटवून टाका’ म्हणतात, मुलीला गावी पाठवले जाते, कधी घाईने तिचे लग्न ठरते. अशा वेळी जनमत अधिक कडक शिक्षेची मागणी करते. पॉक्सो कायद्यात २०१९ मध्ये शिक्षा वाढल्या. गंभीर स्वरूपाच्या गुन्ह्याला किमान २० वर्षे आणि कमाल फाशी. गुन्ह्याचा राग योग्यच आहे, पण आपल्या तक्रारीने काका किंवा बाप फासावर जाईल असे घरच्यांना वाटले तर मुलाला गप्प करण्याचा दबाव वाढतो, कमी होत नाही. करणाऱ्याला अडवते ती आपण नक्की पकडले जाऊ ही भीती, आणि ती भीती तक्रार करणाऱ्या घराला कोणी सांभाळले तरच खरी होते.

कार्यकर्त्यासमोर इथे कायद्याचा एक पेच येतो. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे; न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थाप्रमुखाला आपल्या हाताखालच्या माणसाबाबत न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. यावर अनुभवी कार्यकर्तेही म्हणतात की यामुळे विश्वास तुटतो, मूल पुढे बोलत नाही. म्हणण्यात तथ्य आहे. पण विश्वास तुटतो तो बहुधा आधी ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊन नंतर सांगितल्यामुळे. म्हणून ते वचन देऊच नये. ‘तू सांगितलंस हे बरं केलंस, तुझी काही चूक नाही, पण तुला सुरक्षित ठेवायला मला हे काही माणसांना सांगावं लागेल, कोणाला ते मी तुला आधी सांगेन’ एवढे सुरुवातीलाच म्हणावे. खोदून खोदून विचारू नये. घडलेले खरे की खोटे हे ठरवणे तपास यंत्रणेचे आणि न्यायालयाचे काम आहे. तक्रार खोटी निघाली तर आपण अडकू, ही भीतीही निराधार आहे: सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल कोणावर कारवाई होत नाही आणि मुलाला तर खोट्या तक्रारीबद्दलही शिक्षा नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्याने, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिलेने घ्यायचा असतो. भाषा वेगळी असेल तर दुभाषा मागता येतो. गुन्हा नोंदण्याआधीही वैद्यकीय तपासणी आणि उपचार मिळतात, आणि त्यासाठी रुग्णालयाने आधी कागदपत्रे मागायची नसतात.

पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचे असते आणि समिती खटला संपेपर्यंत मुलाबरोबर राहणारी सहायक व्यक्ती नेमू शकते. भिवंडीतून ठाण्याच्या न्यायालयापर्यंत एका साक्षीसाठी जायचे म्हणजे आईचा दिवसाचा रोजगार बुडतो, आणि तारीख पुढे गेली तर आणखी एक. घराचा कमावताच आरोपी असेल तर पहिल्या आठवड्यातच चूल थंड होते, आणि बहुतेक आया तिथे माघार घेतात. पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या मनोधैर्य योजनेची आणि न्यायालयाच्या नुकसानभरपाईची रक्कम यायला वेळ लागतो. पण २०२० च्या नियमांत याहून लहान आणि याहून लवकर मिळणारी एक तरतूद आहे: अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी बाल कल्याण समिती विशेष साहाय्याची शिफारस करू शकते, आणि शिफारस मिळाल्यापासून एका आठवड्यात पैसे दिले जावेत असे नियम सांगतो. त्यामुळे मुलाचा जबाब चालू असतानाच कार्यकर्तीने आईजवळ बसून घरात किती दिवसांचा शिधा आहे, खोलीचे भाडे कोणत्या तारखेला द्यायचे आहे, ठाण्याला जायला-यायला किती खर्च येतो हे लिहून घ्यावे आणि त्याच दिवशी समितीकडे अर्ज द्यावा.